पेंचला तंबू ठोकायला निघताय? आधी हिशेब बघा

परवा पेंचच्या सिल्लारी गेटजवळच्या चहाटपरीवर पुण्याचं एक जोडपं भेटलं. रोख संपलेली, फोनला रेंज नाही. टपरीवाल्या मावशींनी दोघांना पोटभर भाकरी-पिठलं वाढलं, मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलनं आकडा लिहिला आणि म्हणाल्या, "रेंज आली की धाडा जी, घाई नाही."

विदर्भातली ही माणुसकी मी नेहमी बघतो. म्हणूनच तिच्यावर भार न टाकता जावं, असं मला मनापासून वाटतं.

बजेट बहुतेकदा सफारीच्या जिप्सीत कोलमडतं. जिप्सीत सहा पर्यटक बसतात, पण जिप्सीचं भाडं आणि गाईडची फी गाडीमागे असते. दोघंच गेलात तर सगळा खर्च दोघांवर. गेटवर दुसरं कुटुंब जोडीला मिळतं का, आधी विचारा.

तंबू कुठेही लावता येत नाही, गाभा क्षेत्रात तर अजिबात नाही. परवानगी असलेल्या जागेचंच भाडं धरा. डिसेंबरात थंडी चांगलीच झोंबते, चांगली स्लीपिंग बॅग भाड्यानं घ्या. रोख रक्कम नागपुरातूनच काढा, तीही सुट्ट्या नोटांत.

रात्रीचं आकाश मात्र फुकट आहे! महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प २०२४ मध्ये भारतातला पहिला डार्क स्काय पार्क ठरला. तारे बघायला अमावास्येच्या आसपास, पावसाळा सोडून जा.

मावशींचे पैसे त्या दोघांनी पवनीला रेंज येताच पाठवले.

जागा, सामान, खर्च, काहीही विचारा. कमेंटमध्ये उत्तर देतो.