रिकवुडची मागची भिंत

अमेरिकेत उभं असलेलं सर्वांत जुनं व्यावसायिक बेसबॉल मैदान न्यूयॉर्कात नाही, शिकागोतही नाही. ते अलाबामातल्या बर्मिंगहॅमला आहे: रिकवुड फील्ड. लोखंडाच्या धंद्यातल्या रिक वुडवर्डने बॅरन्स हा दुय्यम लीगमधला संघ विकत घेतला, फिलाडेल्फियाच्या बेसबॉल संघाचा व्यवस्थापक कॉनी मॅक याचा सल्ला घेतला आणि पोलाद-काँक्रीटचं मैदान बांधलं. 18 ऑगस्ट 1910 रोजी पहिला सामना झाला. नावही त्याचंच, रिक आणि वुडवर्ड जोडून केलेलं.

मला खिळवून ठेवते ती मागची भिंत. पुढे मैदान आखूड करायला आत नवं कुंपण घातलं गेलं, पण जुनी काँक्रीटची भिंत कोणी पाडली नाही. दोहोंच्या मध्ये गवताचा रिकामा पट्टा आहे. त्या भिंतीवर एक फुली रंगवलेली आहे. 1948 मध्ये बॅरन्सच्या वॉल्ट ड्रोपोने मारलेला चेंडू तिथे आदळला, असं सांगतात. अंतर 467 फूट, म्हणजे सुमारे 142 मीटर. क्रिकेटची सीमारेषा फार तर 82 मीटरवर असते.

त्याच वर्षी त्याच गवतावर पुढे महान ठरलेला सतरा वर्षांचा विली मेज ब्लॅक बॅरन्स या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संघाकडून खेळत होता. शाळा अजून संपायची होती. बॅरन्स दौऱ्यावर गेले की मैदान ब्लॅक बॅरन्सना मिळे. नामवंत पिचर सॅचेल पेजही इथेच चेंडू टाकून गेला. गोऱ्यांच्या सामन्यात कृष्णवर्णीय प्रेक्षकांना उजवीकडचे उघडे बाक, सावली नाही. बॅरन्सच्या सामन्यांचं रेडिओवर वर्णन करून घराघरांत पोहोचलेला बुल कॉनर पुढे शहराचा सुरक्षा आयुक्त झाला. 1963 मध्ये त्यानेच नागरी हक्कांच्या मोर्चातल्या मुलांवर कुत्रे आणि पाण्याचे फवारे सोडले. हे वाचल्यावर त्या फुलीकडे नुसत्या कौतुकाने बघवत नाही.

काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळायला शहराच्या कायद्यानेच बंदी होती, अगदी सोंगट्या खेळायलासुद्धा. 1961 नंतर बॅरन्सची लीग बंद पडली, दोन वर्षं बॅरन्स खेळलेच नाहीत. 1964 मध्ये ते मिश्र संघ घेऊन परतले. तरी 1967 मध्ये इथे खेळलेल्या रेजी जॅक्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला हॉटेलं दारातूनच परतवत. 2024 मध्ये टीव्हीवर ते सांगताना त्याचा राग जराही विझलेला नव्हता, आणि तो विझावा अशी अपेक्षा तरी कोणी का करावी?

1987 च्या हंगामानंतर बॅरन्स उपनगरातल्या नव्या मैदानावर गेले. बिऱ्हाडकरू गेला की घराचे हाल सुरू होतात, तसंच झालं असतं. पण 1992 मध्ये गावातल्या लोकांनी ‘फ्रेंड्स ऑफ रिकवुड’ काढून डागडुजी हाती घेतली. ‘कॉब’, ‘42’ अशा चित्रपटांची चित्रीकरणं झाली, कॉलेजचे संघ खेळत राहिले. मग 20 जून 2024 ला मेजर लीगचा सामना आला. कार्डिनल्सने जायंट्सना 6-5 असं हरवलं. दोनच दिवस आधी, वयाच्या 93 व्या वर्षी, मेज गेला होता.

त्या सामन्यासाठी लाखो डॉलर ओतून गवत, कुंपण, खेळाडूंची जागा नवी केली गेली. पण पोलादाचं छप्पर आणि 1936 चे दिव्यांचे मनोरे गंजायचे थांबत नाहीत. त्यांना वेळोवेळी रंग लागतो, जोड तपासावे लागतात. तिकीट काढून येणारी गर्दी वर्षभर खेचणारा संघ इथे नाही. मैदान शहराच्या मालकीचं, आणि शहरापुढे शाळा-रस्त्यांचे खर्च आहेत. एका रात्रीच्या प्रक्षेपणासाठी आलेला पैसा पुढच्या पावसाळ्यांना पुरणारा नव्हे, हीच माझी धास्ती आहे. छप्पर, मनोरे आणि त्या उजवीकडच्या बाकांची जागा यांसाठी कायमची तरतूद व्हायला हवी, आणि ती सामन्याची आठवण ताजी आहे तोवरच.