उन्हाळ्यातील पाळीव सशांची निगा

पाळीव ससा हा मुळात समशीतोष्ण हवामानाचा प्राणी असून त्याला थंडीपेक्षा उष्णता अधिक बाधते. नागपूर जिल्ह्यातील काटोल आणि एकूणच विदर्भात एप्रिल ते जून या काळात सशांना उष्माघाताचा मोठा धोका असतो. सावली, पाणी आणि पंखा हे सशांसाठी सर्वत्र सांगितले जाणारे उपाय या भागातील मे महिन्याच्या दुपारी पुरेसे ठरत नाहीत.

मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द दोन वेगळ्या प्राण्यांसाठी वापरला जातो. काटोलच्या शेतशिवारात आढळणारा काळ्या मानेचा रानससा (लेपस नायग्रिकॉलिस) बिळे खणत नाही. तो झुडपाखालील उथळ खळग्यात दिवस काढतो आणि येथील उन्हाला सरावलेला आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तो संरक्षित असल्याने त्याला पाळता येत नाही. घरात पाळले जाणारे सर्व ससे युरोपीय सशाचे (ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) वंशज आहेत. या सशाचे मूळ स्थान आयबेरियन द्वीपकल्प असून तो दुपारचे ऊन जमिनीखालच्या बिळात टाळतो. पिंजऱ्यातील सशाची ही सोय हिरावली गेलेली असते. ‘रानातले ससे उन्हात जगतात, मग घरचा का जगणार नाही’ हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेची सशांवर काम करणारी केंद्रे हिमाचल प्रदेशातील गडसा आणि तमिळनाडूच्या डोंगराळ भागातील मन्नवनूर अशा थंड ठिकाणी आहेत, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

शरीरातील उष्णतेचे नियमन

सशाच्या शरीराचे तापमान साधारणपणे ३८.५ ते ४० अंश सेल्सियस असते. त्याला घाम जवळजवळ येत नाही आणि कुत्र्याप्रमाणे तोंड उघडून धापा टाकून शरीर थंड करणेही त्याला नीट जमत नाही. कानांतील रक्तवाहिन्या रुंदावून उष्णता बाहेर टाकणे हा त्याचा मुख्य उपाय आहे. मात्र भोवतालची हवा शरीरापेक्षा थंड असेल तोवरच कानांतून उष्णता बाहेर जाते. भारतीय हवामान विभाग मैदानी प्रदेशात ४५ अंश कमाल तापमानाला उष्णतेची लाट मानतो, आणि विदर्भात, विशेषतः नवतपाच्या दिवसांत, पारा त्या आसपास जातो. अशा वेळी सावलीतील हवाही सशाच्या अंगापेक्षा उष्ण असते आणि तेच कान बाहेरची उष्णता आत घेऊ लागतात. पंख्याने माणसाला बरे वाटते, कारण त्याचा घाम वाळतो. सशाच्या अंगावर मात्र पंखा केवळ उष्ण वारा सोडतो.

निवारा

यावरून हवाच थंड करणे आवश्यक ठरते. विदर्भातील उन्हाळा कोरडा असल्याने पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारा कूलर येथे प्रभावी ठरतो आणि खोलीचे तापमान १० अंशांहून अधिक उतरू शकते. हवा बाहेर जाण्यासाठी समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते. कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर सोडल्यास अंथरूण ओले होते, त्यामुळे पिंजरा झोताच्या बाजूला ठेवावा. विजेची तार सशाच्या दातांपासून दूर असावी.

टिनाच्या छताखाली किंवा गच्चीवर पिंजरा ठेवणे धोक्याचे आहे. कवेलूचे छत आणि मातीची जमीन असलेली खोली तुलनेने थंड राहते. संत्र्याच्या झाडाखाली पिंजरा ठेवल्यास सावली दिवसभरात सरकते, शिवाय बागेत फवारणी झाली असल्यास विषबाधेचा धोका असतो. वीज गेल्यावर उपयोगी पडावे म्हणून पाण्याच्या बाटल्या बर्फ होईपर्यंत गोठवून, फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवता येतात; ससा त्यांना टेकून बसतो. ओली फरशीही चालते. भूमध्य समुद्राकाठच्या काही उष्ण देशांत जमिनीखालील कप्प्यांत ससे पाळण्याची पद्धत आहे. परसात मोठा रांजण आडवा व अर्धवट पुरून, भोवतालची माती ओली ठेवल्यास तसाच निवारा मिळतो, मात्र कुत्र्या-मांजरांपासून संरक्षण हवे.

पाणी व आहार

पाणी जड मातीच्या भांड्यात ठेवणे उत्तम. नळीच्या बाटलीतील पाणी लवकर तापते आणि ससा ते पिणे सोडतो. वाळलेले गवत नेहमी उपलब्ध असावे. कोथिंबीर, पुदिना धुऊन ओलाच द्यावा. काकडी, टरबूज थोडेच द्यावे. ऊन लागू नये म्हणून जवळ कांदा बाळगण्याची या भागात रीत आहे. सशाला कांदा विषारी असून त्याने रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात, म्हणून पिंजऱ्याजवळ कांदा टांगू नये.

उष्माघात

कान लाल व गरम होणे, नाकपुड्यांची जलद हालचाल, ओले नाक, लाळ गळणे आणि अंग पसरून निपचित पडणे ही लक्षणे आहेत. ससा एरवी नाकानेच श्वास घेत असल्याने तो तोंड उघडून श्वास घेऊ लागल्यास स्थिती अत्यंत गंभीर समजावी. त्याला थंड खोलीत नेऊन कान साध्या गार पाण्याने ओले करावेत. बर्फाच्या पाण्यात बुडवल्यास धक्क्याने मृत्यू येऊ शकतो. बळेच पाणी पाजल्यास ते फुप्फुसात जाते. सावरल्यासारखा दिसला तरी त्याला पशुवैद्यकाकडे न्यावे, कारण आतड्यांची हालचाल मंदावण्याचा धोका पुढेही राहतो. लेंड्या बंद होणे ही त्याची खूण आहे. काटोलहून नागपूरला न्यायचे झाल्यास टोपलीवर ओले फडके टाकावे आणि हवा खेळती ठेवावी. बंद उभ्या वाहनात ससा काही मिनिटेही ठेवू नये.

मृगानंतर

जूनमध्ये पारा उतरू लागला तरी धोका लगेच संपत नाही. हवेतील दमटपणा वाढल्याने पाण्याचे बाष्पीभवन मंदावते आणि मे महिन्यात उपयोगी पडलेला कूलर निष्प्रभ होतो. या दिवसांत खिडक्या उघड्या ठेवून हवा खेळती ठेवणे आणि गोठवलेल्या बाटल्या वापरणे अधिक उपयुक्त ठरते. याच सुमारास माश्या वाढतात. सुस्तावलेल्या सशाच्या शेपटीखालील ओल्या, मळलेल्या केसांत त्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या कातडी पोखरू लागतात. त्यामुळे पहिला पाऊस पडल्यापासून हा भाग रोज सकाळ-संध्याकाळ तपासावा लागतो.