'क्राउन' आणि 'पाइन' : अर्थ शिकविताना

'जॅक अँड जिल' या इंग्रजी बालगीतात जॅकचा 'क्राउन' फुटतो. शिक्षकाने येथे 'मुकुट' असा अर्थ सांगितला, तर पाणी आणावयास टेकडीवर गेलेल्या पोराच्या डोक्यावर मुकुट कोठून आला, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारील. आणि त्याची शंका रास्तच ठरेल. येथे क्राउन म्हणजे डोक्याचा माथा.

मूळ लॅटिन शब्द 'कोरोना'. अर्थ, मस्तकावर धारण करावयाची माला. त्यावरून मुकुट, मुकुटाखालचा माथा, आणि पुढे कोणत्याही वस्तूचा वरचा भाग असा अर्थविस्तार झाला. वृक्षाचा फांद्यापानांचा डोलारा क्राउनच, आणि दाताचा हिरडीबाहेर दिसणारा भागही क्राउनच. 1858 साली हिंदुस्थानचा कारभार कंपनीकडून 'क्राउन'कडे गेला, असे इतिहासात येते. तेथे राजसत्ता अभिप्रेत आहे. इंग्लंडच्या जुन्या चलनातील पाच शिलिंगांचे नाणे आणि छापखान्यातील कागदाचा एक आकार यांनाही हेच नाव पडले. 2020 च्या साथीने घरोघरी पोहोचलेले विषाणूचे नावही याच मुळाचे.

'पाइन'ची गोष्ट निराळी. एक पाइन म्हणजे हिमालयात आढळणाऱ्या चीडच्या जातीचा सूचिपर्णी वृक्ष. दुसरा पाइन हे क्रियापद, अर्थ, झुरणे. हा दुसरा शब्द शिक्षा या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला असून 'पेन', म्हणजे वेदना, हा त्याचा सगोत्र होय. वृक्षाशी त्याचे काडीचेही नाते नाही.

मराठीतील दाखले दिल्यास हा भेद मुलांना चटकन उमगतो. झाडाचे पान, पुस्तकाचे पान, जेवणाचे पान : शब्द एकच, अर्थ वाढत गेलेला. उलट 'तो माळ' आणि 'ती माळ' हे दोन वेगळे शब्द. क्राउन पहिल्या प्रकारातला; त्याचा मूळ अर्थ सांगून बाकीचे अर्थ मुलांकडूनच काढून घ्यावेत. पाइन मात्र शब्दसंग्रहाच्या वहीत दोनदा, स्वतंत्रपणे लिहवून घ्यावा.

'पाइनॅपल' हे इंग्रजीत आधी पाइनच्या शंकूचे नाव होते. अमेरिकेतून आलेले फळ तसेच दिसले, म्हणून सतराव्या शतकात ते त्यालाही मिळाले; त्या काळी 'ॲपल' हा शब्द फळ या व्यापक अर्थीही चालत असे. मराठीतील 'अननस' पोर्तुगीजांकडून आला, त्यामुळे त्यात पाइनही नाही आणि सफरचंदही नाही. फळावरील पानांच्या तुऱ्यास इंग्रजीत क्राउनच म्हणतात. वर्गात अननस आणला असल्यास तो तुरा टाकू नये. शाळेच्या बागेत लावल्यास रुजतो.