बेतवेत छाती तरते, पाय का बुडतात?

झाशीजवळ, ओरछ्याला, बेतवेच्या संथ पाण्यात पाठीवर पडलं की छाती वर राहते आणि पाय हळूहळू खाली जातात. कारण घनतेत आहे. गोड्या पाण्याचा एक घन सेंटिमीटर १ ग्रॅम भरतो. तेवढीच चरबी सुमारे ०.९ ग्रॅम, स्नायू १.०६, तर टणक हाड १.८च्या आसपास. पायांत स्नायू आणि हाडंच जास्त, म्हणून ते जड. छातीत मात्र हवा असते. पूर्ण श्वास घेतला की बहुतेकांचं शरीर पाण्याहून किंचित हलकं होतं. सोडला की अनेकजण बुडू लागतात.

किंचित म्हणजे किती? शरीराचे शंभरातले जेमतेम दोन ते पाच भाग पाण्याबाहेर राहतील, एवढंच. बुडणाऱ्या माणसाचा घात इथेच होतो. तो मदतीसाठी हात उंचावतो. दोन्ही हात मिळून शरीराच्या वजनाच्या सुमारे एक दशांश असतात. पाण्याबाहेर गेलेल्या हातांचा भार पाणी पेलत नाही, आणि नाक-तोंड खाली जातं. प्रत्येक मुलाला हे पोहण्याआधीच शिकवायला हवं: हात पाण्यातच ठेव, मान मागे टाक, छाती भरलेली ठेव. हात पाण्यातच डोक्यापलीकडे पसरले तर वजन छातीकडे सरकतं आणि पायही थोडे वर येतात.

रत्नागिरीच्या समुद्राच्या पाण्याची घनता मात्र सुमारे १.०२५. बेतवेत अर्धा श्वास सोडताच खाली जाणारा माणूस तिथे तरंगत राहू शकतो.