खाल्लेलं अंगी लागावं म्हणून

30 जानेवारी 2019 रोजी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरांनी गोव्याच्या विधानसभेत अर्थसंकल्प मांडला, तेव्हा त्यांच्या नाकात नळी होती आणि शरीर पार थकलेलं होतं. 17 मार्चला ते गेले. स्वादुपिंडाचा कर्करोग माणसाला किती झपाट्याने वाळवतो, हे त्या दिवसांत टीव्हीवर घराघरांनी पाहिलं. अशा रुग्णाच्या घरी एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘खातात हो थोडंफार, पण अंगी लागत नाही.’ वैद्यकाने हे वाक्य मनावर घ्यायला फार उशीर लावला.

खरं तर ‘अंगी का लागत नाही’ याचं निम्मं उत्तर एकोणिसाव्या शतकातच मिळालं होतं. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी सशाच्या पोटात एक गंमत पाहिली. सशात पित्ताची नळी आतड्याच्या सुरुवातीला उघडते आणि स्वादुपिंडाची बरीच खाली. चरबीचं खाणं दिल्यावर आतड्यालगतच्या बारीक वाहिन्या दुधासारख्या पांढऱ्या झाल्या, पण फक्त या दुसऱ्या नळीच्या पुढे. म्हणजे तेल-तूप पचवण्याचं काम स्वादुपिंडाच्या रसाचं. 1856 साली बर्नार यांनी स्वादुपिंडावर ग्रंथच लिहिला.

त्यानंतरची बरीच वर्षं लक्ष गाठीवर राहिलं, ताटावर नाही. 1935 साली न्यूयॉर्कमध्ये ॲलन व्हिपल यांनी स्वादुपिंडावरची, त्यांच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत केल्याचं प्रसिद्ध केलं. काविळीने रुग्णाचं रक्त गोठत नसे, म्हणून आधी पित्ताला वाट करून द्यायची आणि त्याला थोडी ताकद आली की मग गाठ काढायची. स्वादुपिंडाचं कापलेलं तोंड तेव्हा टाके घालून बंद केलं जाई. रस आतड्यात पोचतच नसे. रुग्ण शस्त्रक्रियेतून उठणं हेच तेव्हा मोठं यश होतं. पुढच्याच वर्षी क्लीव्हलँडच्या हायरम स्टडली यांनी पोटाच्या अल्सरच्या रुग्णांचा हिशेब मांडला. शस्त्रक्रियेआधी वजन पाचव्या हिश्शाहून जास्त घटलेल्यांपैकी सुमारे 33 टक्के दगावले होते, बाकीच्यांपैकी साडेतीन टक्के. वजनकाटा हेही निदानाचं साधन आहे, हे तिथे आकड्यांत दिसलं.

1960 च्या दशकाच्या अखेरीस आशेला उधाण आलं. फिलाडेल्फियात स्टॅन्ली डड्रिक यांनी कुत्र्याची पिल्लं निव्वळ शिरेवाटे पोसून वाढवून दाखवली. तोंडाने जात नाही तर शिरेतून देऊ, असं सगळ्यांना वाटलं. ते भाबडं ठरलं. 1994 साली न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयाने स्वादुपिंडाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या 117 कर्करोग रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. सरसकट शिरेवाटे अन्न दिलेल्या गटात फायदा दिसला नाही, उलट गंभीर गुंतागुंत वाढली. तेव्हापासूनचा धडा असा, की आतडं चालत असेल तर ते वापरायचं. शीर हा शेवटचा मार्ग.

मग माशाच्या तेलाची पाळी आली. एडिंबराच्या केनेथ फिअरन यांच्या गटाला सुरुवातीला त्यातून बरंच काही हाती लागेल असं वाटलं, पण 2003 च्या मोठ्या चाचणीत तेल दिलेल्या आणि न दिलेल्या गटांच्या वजनात ठोस फरक पडला नाही. त्यांनी तोही निष्कर्ष छापला. याच फिअरन यांच्या पुढाकाराने 2011 साली ‘कॅकेक्सिया’ची, म्हणजे कर्करोगातल्या खंगण्याची, व्याख्या ठरली: सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन घटणं हा तिचा मुख्य निकष. हे साधं उपाशीपण नव्हे. गाठीमुळे शरीराचा सगळा कारभारच बिघडतो, त्यामुळे निव्वळ जास्त खाऊ घालून हे पूर्ण भरून निघत नाही.

एक वळण मात्र सावध करणारं आहे. स्वादुपिंडाची विकरं, म्हणजे एन्झाइम, कर्करोगच बरा करतात असा दावा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत आला. न्यूयॉर्कच्या निकोलस गोन्झालेझ यांनी विकरांचे भरमसाट डोस, पथ्य आणि कॉफीचा एनिमा अशी पद्धत लोकप्रिय केली. ज्या कोलंबिया विद्यापीठात व्हिपल होते, तिथेच तिची परीक्षा झाली. 2010 साली निकाल आला: केमोथेरपी घेणारे मध्यमानाने 14 महिने जगले, विकरांवर भिस्त ठेवणारे 4.3 महिने.

पण तीच विकरं घासासोबत घेतली की आपलं मूळ काम चोख करतात. विष्ठा पांढरट, तेलकट, तरंगणारी आणि पाण्याने न जाणारी होऊ लागली, तर चरबी पचत नाही हे ओळखावं. मेयो क्लिनिकच्या युजीन डिमॅग्नो यांनी 1973 मध्येच दाखवलं होतं, की चरबी पचवणारं विकर, म्हणजे लायपेज, नेहमीच्या प्रमाणाच्या दहा टक्क्यांखाली गेलं की हा प्रकार सुरू होतो. तरी ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने शस्त्रक्रिया न होऊ शकणाऱ्या रुग्णांना विकरांच्या कॅप्सूल द्याव्यात, असं स्पष्ट लिहिलं ते 2018 मध्ये. माशाचं तेल देऊ नये, हेही तिथेच लिहिलं आहे. ब्रिटनमध्ये जेवणासोबत साधारण 50,000 युनिट आणि मधल्या खाण्यासोबत 25,000 युनिट लायपेजने सुरुवात करतात. आपल्या रुग्णाचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील. कॅप्सूल पहिल्या घासासोबत, गार पाण्याने घ्यायची. उकळत्या चहाने विकर मरतं. ती डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते, हे घरच्यांना आधी सांगायला हवं.

अगदी अलीकडे, 2024 साली, खंगण्यामागच्या ‘जीडीएफ-15’ या प्रथिनाला अडवणाऱ्या पॉन्सेग्रोमॅब औषधाच्या 187 रुग्णांवरील चाचणीत सर्वांत मोठ्या डोसने बारा आठवड्यांत, प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या मात्रेच्या, तुलनेत, सरासरी 2.8 किलो वजन जास्त भरलं. आशा आहे, पण ते अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे.

आपल्याकडे मात्र असा आजार म्हटला की तूप बंद होतं, दूध बंद होतं आणि ताटात पेज नि मऊ भात उरतो. पथ्य या शब्दाचा अर्थ आपण ‘टाळणं’ एवढाच करून ठेवला आहे. ज्याचं वजन दर आठवड्याला उतरतंय, त्याच्या ताटातला तुपाचा चमचा काढून घेणं हे पथ्य नव्हे. तो चमचा पचावा म्हणून कॅप्सूल लागेल का, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारणं, आहारतज्ज्ञाची गाठ घेणं आणि दर आठवड्याला वजन लिहून ठेवणं हे पथ्य. बर्नार यांनी सशात पाहिलेलं सत्य वैद्यकाच्या पुस्तकातून आपल्या घरच्या ताटापर्यंत पोचवणं आता आपल्याच हाती आहे.