सुमोचे ८२ डाव आणि एक तक्ता

जपानी सुमो कुस्तीत जिंकण्याचे अधिकृत डाव ८२. २००१ पूर्वी ते ७० होते. प्रत्येक लढत कोणत्या डावाने संपली, याची नोंद ठेवली जाते. गंमत अशी, की ‘योरिकिरी’ (कंबरपट्टा धरून रेटणे) आणि ‘ओशिदाशी’ (पट्टा न धरता ढकलणे) या दोहोंतच जवळपास निम्म्या लढती संपतात. असे का? आखाडा अवघा ४.५५ मीटर व्यासाचा. पाऊल बाहेर टेकले की हार. म्हणून रेटणे फायद्याचे. हे पाहून आम्ही फेकीच्या डावांना शोभेचे समजून बसलो होतो. पण नोंद होते ती शेवटच्या डावाची. फेकीच्या हुलीने तोल गेलेला मल्ल लगेच बाहेर रेटला गेला, तर तक्त्यात एक ‘योरिकिरी’ वाढते. हूल मोजलीच जात नाही.