लॉज

लॉज : ठरावीक भाडे घेऊन प्रवाशांना अल्पकाळासाठी खोली, अंथरूण-पांघरूण, पाणी व स्नानादी सोयी पुरविणारे लहान निवासगृह. ते बहुधा शहराच्या मध्यवस्तीत, बसस्थानक, रेल्वेस्थानक, बाजारपेठ किंवा सरकारी कचेऱ्या यांच्या जवळपास असते. भोजनाचीही व्यवस्था असल्यास त्यास ‘लॉजिंग-बोर्डिंग’ म्हणण्याचा प्रघात आहे. मराठीत ‘हॉटेल’ हा शब्द पुष्कळदा केवळ चहाफराळाच्या दुकानास लावला जातो. त्यामुळे मुक्कामाची जागा दर्शविण्यासाठी ‘लॉज’ हा शब्द रूढ झाला.

पूर्वपीठिका : प्रवाशांना निवारा देणे हे भारतात दीर्घकाळ पुण्यकर्म मानले गेले. राजे, सरदार व व्यापारी यांनी तीर्थक्षेत्री आणि हमरस्त्यांवर धर्मशाळा बांधल्या. अहिल्याबाई होळकर (१७२५–९५) यांचे या बाबतीतील कार्य सर्वश्रुत आहे. मुसलमानी अंमलात सराया व मुसाफिरखाने, तर ब्रिटिश अमदानीत सरकारी अधिकाऱ्यांसाठी डाकबंगले उभारण्यात आले. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६७ साली सरायांविषयी स्वतंत्र कायदा करण्यात आला. सराईची नोंदणी करणे, आवार व विहीर स्वच्छ राखणे, पहारेकरी ठेवणे आणि दरपत्रक लावणे ही कर्तव्ये त्याने सराईचालकावर सोपविली.

लोहमार्गांच्या विस्ताराबरोबर व्यापार, शिक्षण व न्यायालयीन कामे यांसाठी प्रवास करणाऱ्यांची संख्या वाढली. यात्रेकरूप्रमाणे ओसरीवर पथारी टाकणे त्यांना सोयीचे नव्हते व युरोपीय पद्धतीची महागडी हॉटेले परवडणारी नव्हती. या मधल्या वर्गाच्या गरजेतून भाडोत्री निवासगृहे निघाली. मुंबईतील क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह हे त्यांपैकी विख्यात होय. लोकमान्य टिळक मुंबईत आले म्हणजे तेथे उतरत आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधनही तेथेच झाले.

प्रवेशाचा प्रश्न : धर्मशाळेत पैसा लागत नसे किंवा अल्प लागे; मात्र जात विचारली जाई. अनेक धर्मशाळा विशिष्ट ज्ञातींसाठीच राखीव असत. भाडे घेऊन चालणाऱ्या निवासगृहांतही हा भेद सर्वत्र नाहीसा झालेला नव्हता. परदेशातील उच्च शिक्षणानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना शहरात उतरण्यास जागा मिळेना. अखेर एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव धारण करून ते राहिले. परंतु अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून निघून जाण्यास भाग पाडले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात्मक लेखनात त्यांनी हा प्रसंग नोंदविला आहे. विद्या, पद व भाडे देण्याची ऐपत असूनही मनुष्यास रात्रीचा आसरा नाकारला जाऊ शकतो, हे त्यावरून स्पष्ट होते.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ अन्वये केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून हॉटेले, दुकाने व सार्वजनिक उपाहारगृहे यांतील प्रवेशास कोणत्याही नागरिकावर निर्बंध घालता येत नाही. १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्याने—१९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम—अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेल, धर्मशाळा, सराई व मुसाफिरखाना यांत प्रवेश नाकारणे दंडनीय ठरविले. नोंदवहीत नाव, गाव व येण्याचे कारण लिहून भाडे भरले की खोली मिळावी, हे लॉजचे तत्त्व या दृष्टीने सामाजिक महत्त्वाचे आहे. तथापि एकट्या स्त्रीस खोली देण्यास कोठेकोठे अजूनही टाळाटाळ होते. शेवटची बस चुकलेल्या स्त्रीच्या बाबतीत हा केवळ गैरसोयीचा नव्हे, तर सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

हिंगोलीचे उदाहरण : मध्यम आकाराच्या गावात लॉजची गरज कशी निर्माण होते, हे मराठवाड्यातील हिंगोलीच्या उदाहरणावरून समजते. कयाधू नदीकाठचे हे गाव निजामी राजवटीत हैदराबाद कॉन्टिन्जंट या फौजेची छावणी होते. तोफखाना, रिसाला बाजार, पलटण व पेन्शनपुरा ही वस्त्यांची नावे त्याची साक्ष देतात. १९१२ मध्ये पूर्णेहून मीटरमापी लोहमार्ग येथे पोहोचला. पुढे पूर्णा–अकोला मार्गाचे रुंदमापीकरण होऊन २००८ मध्ये तो खुला झाला.

१ मे १९९९ रोजी परभणीचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत असे पाच तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सु. ११.७७ लाख होती. जिल्ह्याच्या ठिकाणी कचेऱ्या आल्या की पक्षकार, कर्मचारी, परीक्षार्थी व औषधविक्रेत्या कंपन्यांचे प्रतिनिधी यांची ये-जा वाढते. हळदीच्या व्यापारानिमित्त येणारे व्यापारी, सु. २५ किमी.वरील औंढा नागनाथाचे व संत नामदेवांचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या नर्सीचे यात्रेकरू यांची त्यात भर पडते. महाशिवरात्रीस औंढ्याला व दसऱ्यास हिंगोलीला मोठी गर्दी होते. औंढा नागनाथ तालुक्यातील लायगो-इंडिया या गुरुत्वीय तरंगांच्या वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. त्यामुळे जिल्ह्यात शास्त्रज्ञ व अभियंते यांचीही ये-जा अपेक्षित आहे.

अशा प्रवाशास ऐसपैस दालनापेक्षा जागेचे सान्निध्य अधिक मोलाचे वाटते. सकाळी कचेरी उघडताच पायी पोहोचता यावे, रिक्षाचे भाडे वाचावे आणि रात्री उशिरा उतरल्यास अंधारातून दूर जावे लागू नये, एवढीच त्याची अपेक्षा असते.

रचना व व्यवहार : मध्यवस्तीत जमीन महाग असल्याने लॉजची इमारत अरुंद व उंच असते. तळमजल्यावर दुकाने किंवा खानावळ, जिन्यालगत गल्ला व किल्ल्यांची फळी आणि वरच्या मजल्यांवर बोळाच्या दोन्ही बाजूंस खोल्या, अशी सर्वसाधारण मांडणी आढळते. खोल्या एकेरी, दुहेरी किंवा सामायिक असतात. स्वतंत्र स्नानगृह, गरम पाणी व वातानुकूलन यांनुसार दर बदलतात. काही ठिकाणी प्रवेशापासून चोवीस तासांचा, तर काही ठिकाणी ठरावीक वेळेपर्यंतचा दिवस धरतात. हे आधी विचारून घेणे इष्ट असते.

या व्यवसायात न विकलेली खोली साठवून ठेवता येत नाही. रिकामी गेलेली रात्र कायमची बुडते. पण पगार, वीज व दुरुस्ती यांचा बराचसा खर्च चालूच राहतो. म्हणून यात्राकाळात दर चढतात व इतर वेळी घासाघीस चालते.

जागेच्या काटकसरीचे टोक जपानमध्ये गाठले गेले. किशो कुरोकावा या वास्तुशिल्पज्ञाने आखलेले पहिले कॅप्सूल हॉटेल १९७९ मध्ये ओसाका येथे सुरू झाले. त्यात पाहुण्यास खोलीऐवजी केवळ झोपण्यापुरता कप्पा मिळतो. मुंबई सेंट्रल स्थानकावर अशी सोय नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली.

सुरक्षितता : लॉजचालकाने पाहुण्याचे ओळखपत्र पाहून नोंद ठेवावयाची असते व परदेशी व्यक्तीची माहिती शासनास कळवावी लागते. आगीपासून संरक्षणासाठी महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम लागू आहे. अरुंद जिना, बोळात रचलेल्या गाद्या, खिडक्यांचे पक्के गज आणि एकच दरवाजा ही दाटीवाटीच्या इमारतींतील प्रमुख धोक्याची कारणे होत. पाहुणा नवखा व झोपेत असल्याने धूर पसरताच त्यास वाट सापडत नाही. म्हणून मोकळा जिना, बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग व रात्रभर जागा असणारा पहारेकरी या गोष्टी खोलीच्या सजावटीपेक्षा अधिक महत्त्वाच्या ठरतात.